टाकून देणे म्हणजे घटस्फोट नव्हे!

“हिंदू धर्म सोडला त्या दिवशी हिंदू विधीने लागलेले लग्नही सुटले, आता त्या बाईशी आमचा संबंध काय?” असा सवाल आमचे काही नवदीक्षित बंधू उजळ माथ्याने विचारीत असतात. सवाल विचारणाराच्या घरात भगवान बुद्धांची व परमपूज्य बाबासाहेबांची तसबीर असते, ओठांवर त्रिशरण-पंचशील असते, आणि त्याने सोडलेली पत्नी दोन लेकरे पदराशी घेऊन माहेरच्या ओसरीवर चौथे वर्ष काढीत असते. भाऊ बोलत नाही, भावजय बोलल्यावाचून राहत नाही. ती ना सधवा, ना विधवा, ना मोकळी. तिच्यासाठी लोकांच्या तोंडी एकच शब्द आहे : टाकलेली. झिजलेल्या वहाणेला जो शब्द, तोच शब्द माणसाला!

धर्मांतराचा असा अर्थ बाबासाहेबांनी केव्हाही सांगितला नव्हता. ज्या धर्मांतराने आम्हांस माणूसपण मिळाले, त्याच धर्मांतराच्या नावाने घरातील एका माणसाचे माणूसपण काढून घेतले जात असेल, तर त्याविषयी मौन पाळणे हा धम्मद्रोह होय. शत्रूवर टीका करणे सोपे असते. आज आम्हांस आपल्याच घराकडे बोट दाखवावयाचे आहे.

प्रथम कायद्याचा भ्रम दूर करू. १९५५ चा हिंदू विवाह कायदा नावाने हिंदू आहे, हे खरे. हे नाव आमच्यापैकी अनेकांना खुपते आणि बौद्धांसाठी स्वतंत्र विवाह कायदा असावा अशी मागणी समाजात आहे, हेही खरे. परंतु आज अमलात असलेल्या या कायद्याचे कलम २ निःसंदिग्ध शब्दांत सांगते की, तो बौद्ध, जैन व शीख यांनाही लागू आहे. आणि जे या धर्मांत नव्याने आले, त्यांनाही लागू आहे. याचा परिणाम काय होतो? बौद्ध धम्माची दीक्षा घेतल्याने पूर्वीचा विवाह मोडत नाही. पत्नीने अद्याप दीक्षा घेतली नाही, एवढ्यावरून तो मोडत नाही. पती-पत्नींपैकी एकाने अन्य धर्म स्वीकारून हिंदुत्व सोडले तर दुसऱ्यास घटस्फोट मागता येतो, असे कलम १३ म्हणते. परंतु या कायद्यापुरता बौद्ध हा हिंदू या व्याख्येतच धरला असल्यामुळे ते कारणही येथे उपयोगी पडत नाही. इतकेच काय, पती चीवर धारण करून भिक्खू झाला, तरी विवाह आपोआप संपत नाही. मागे राहिलेल्या पत्नीला त्या कारणावरून घटस्फोट मागण्याचा हक्क मिळतो, आणि तो मागावयाचा की नाही हे तिने ठरवावयाचे असते.

आणि पहिला विवाह कायम असताना जो दुसरा केला जातो, तो विवाहच नव्हे. तो शून्य आहे. तो विहारात लागला असो, भन्तेजींनी लावला असो, हजार पाहुणे जेवून गेले असोत. भारतीय न्याय संहितेच्या कलम ८२ खाली त्या गुन्ह्यास सात वर्षांपर्यंत कारावास आहे. येथे एका पुरुषाच्या लबाडीने दोन स्त्रिया बुडतात, याचाही विचार करा. पहिलीला नवरा नाही आणि दुसरीला पत्नीचा दर्जा नाही. कायदा दुसरीच्या मुलांना औरस मानतो. परंतु तिला स्वतःला तो पत्नी मानीत नाही. जो मंगल परिणयाच्या वेळी बाबासाहेबांच्या तसबिरीपुढे उभा राहून पहिल्या लग्नाची गोष्ट लपवितो, त्याने बावीस प्रतिज्ञांतील खोटे न बोलण्याची प्रतिज्ञाही मोडली आणि व्यभिचार न करण्याचीही मोडली. मग उरल्या त्या प्रतिज्ञांचा त्याने काय शृंगार करावयाचा?

आता इतिहासाकडे वळू. कारण परित्यक्तेचा हा हक्क आमच्याच चळवळीने मागितला होता, हे आमच्यापैकी फार थोड्यांच्या स्मरणात आहे. जुलै १९४२ मध्ये नागपूर येथे अखिल भारतीय दलितवर्ग महिला परिषद भरली. सुलोचनाबाई डोंगरे तिच्या अध्यक्षा होत्या आणि बाबासाहेब स्वतः उपस्थित होते. त्या परिषदेत आमच्या आयाबहिणींनी स्त्रीला घटस्फोटाचा कायदेशीर हक्क मिळावा आणि अनेक बायका करण्याची चाल बंद व्हावी, असे ठराव केले. ज्या स्त्रियांच्या हाती पाटी-लेखणी नुकतीच आली होती, त्या स्त्रिया काय मागत होत्या ते पाहा! दागिने मागितले नाहीत, लुगडी मागितली नाहीत, कायदा मागितला.

९ एप्रिल १९४८ रोजी कायदेमंत्री या नात्याने बाबासाहेबांनी हिंदू कोड बिलाचे विवेचन केले, तेव्हा घटस्फोटाची सात कारणे त्यांनी सभागृहापुढे मांडली. त्या सातांत पहिले कारण होते परित्याग. पुढे सनातन्यांनी बिल रोखून धरले, सरकारने कच खाल्ली, आणि २७ सप्टेंबर १९५१ रोजी बाबासाहेबांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. राजीनाम्याच्या कारणांत या बिलाची झालेली विटंबना हे एक मोठे कारण होते. १९५५ साली जो कायदा झाला, त्याने परित्यागाचे कारण खालच्या पायरीवर उतरविले. परित्यक्तेला आधी केवळ न्यायिक विभक्तता मिळे, आणि त्यानंतर दोन वर्षे पुन्हा थांबून मग घटस्फोट. मुंबई राज्यात १९४७ च्या कायद्याने चार वर्षांच्या परित्यागावरून थेट घटस्फोट मिळत होता. तोही मार्ग नव्या कायद्याने बंद केला. शेवटी १९७६ च्या दुरुस्तीने परित्याग हे घटस्फोटाचे सरळ कारण झाले. १९४८ साली बाबासाहेबांनी जे मागितले, ते द्यावयास या देशाला अठ्ठावीस वर्षे लागली! इतक्या झगड्याने मिळालेला हक्क आमच्याच वस्तीत पंचांच्या बैठकीत दोन घटकांत गुंडाळून ठेवला जातो, ही केवढी शोकांतिका!

परित्याग म्हणजे नेमके काय, हे प्रत्येक बौद्ध घराने समजून घेतले पाहिजे. कायद्याची भाषा अशी की, जोडीदाराने वाजवी कारणावाचून आणि दुसऱ्याच्या संमतीवाचून किंवा इच्छेविरुद्ध त्याला सोडणे, म्हणजे परित्याग. आणि बुद्धिपुरस्सर केलेली हेळसांडही त्यात येते. दावा दाखल करण्याच्या लगतपूर्वीची सलग दोन वर्षे ही स्थिती असली पाहिजे. ज्यांनी १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखाली विवाह केला, त्यांनाही कलम २७ प्रमाणे हाच दोन वर्षांचा नियम आहे. हा हक्क स्त्री-पुरुष दोघांनाही समान आहे. पत्नी कारणावाचून घर सोडून गेली, तर पतीनेही त्याच दाराने न्यायालयात जावे. त्याला आमचा विरोध नाही. विरोध आहे तो न्यायालय चुकवून मागल्या दाराने निसटण्याला.

“ती स्वतःच माहेरी गेली, मग सोडले कोणी?” असा शहाजोग प्रश्न नेहमी केला जातो. याचे उत्तर सर्वोच्च न्यायालयाने १९ ऑक्टोबर १९५६ रोजी दिले आहे. नागपूरच्या धम्मदीक्षेला तेव्हा जेमतेम पाच दिवस झाले होते. मुंबईच्या एका पतीने पत्नीने परित्याग केला म्हणून घटस्फोट मागितला होता. न्यायालयाने पाहिले की, पत्नी परत येऊ इच्छीत होती आणि तिला पाठवू नये असे पतीनेच तारेने कळविले होते. पतीचा दावा फेटाळला गेला. त्या निवाड्यातून जो सिद्धांत घट्ट झाला तो असा की, वेगळे राहणे ही एक गोष्ट आणि संसार कायमचा तोडण्याचा हेतू ही दुसरी. परित्यागाला दोन्ही लागतात. शिवाय ज्याला सोडले त्याची संमती नसावी, आणि त्याच्या वागणुकीने दुसऱ्यास घर सोडण्याचे वाजवी कारण मिळालेले नसावे. उंबरठा कोणी ओलांडला एवढ्यावर निकाल होत नाही. ओलांडावयास कोणी लावला, हे पाहिले जाते. मारहाण करून, उपाशी ठेवून, किंवा दुसरी बाई घरात आणून ज्याने पत्नीला बाहेर काढले, तो स्वतः घरात बसून असला तरी परित्याग करणारा तोच.

यावर काही विद्वान भगवान बुद्धांनाच साक्षीस ओढतात! “सिद्धार्थानेही यशोधरेला सोडलेच ना?” असे म्हणून हसणारे लोक आम्ही सभांतून पाहिले आहेत. त्यांनी ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ हा ग्रंथ घरात ठेवला असेल, उघडलेला नसावा. मध्यरात्री पत्नीला झोपेत टाकून निघून गेल्याची कथा बाबासाहेबांनी त्या ग्रंथात स्वीकारलेली नाही. त्यांच्या मांडणीप्रमाणे शाक्य व कोलीय यांच्यात रोहिणी नदीच्या पाण्यावरून तंटा झाला. सिद्धार्थाने युद्धाला विरोध केला. आणि संघाच्या निर्णयापुढे स्वजनांवर आपत्ती येऊ नये म्हणून त्याने परिव्रज्या पत्करली. निघण्यापूर्वी तो यशोधरेपाशी गेला, तिला सर्व सांगितले, आणि तिने धीराने संमती दिली. आता कायद्याची व्याख्या पुन्हा वाचा. वाजवी कारण होते, संमतीही होती. जेथे या दोन गोष्टी आहेत तेथे परित्याग नाही. चारचौघांत भांडणे टाळण्यासाठी नव्हे, तर दुसऱ्या बाईच्या मोहाने रात्रीची गाडी पकडून पसार होणाऱ्याने सिद्धार्थाचे नाव घेऊ नये. त्याने दीघ निकायातील सिगालोवाद सुत्त वाचावे. पत्नीचा मान राखणे, तिचा अवमान न करणे, तिच्याशी एकनिष्ठ राहणे, घरातील अधिकार तिच्या हाती देणे आणि तिला अलंकार देणे, अशी पतीची पाच कर्तव्ये तथागतांनी तेथे सांगितली आहेत.

दुसरा आक्षेप अधिक जुना आणि अधिक चिवट आहे. “आमच्यात काडीमोडीची चाल पूर्वापार आहे. पंच बसले, फारकतीचा कागद झाला, दोघेही मोकळे. कोर्टाची पायरी कशाला?” वकिली करताना असे कागद आमच्यापुढे नेहमी येतात. मुद्रांकाचा कागद, वर ‘नमो बुद्धाय’, खाली पाच पंचांच्या सह्या, आणि कोपऱ्यात एका स्त्रीच्या डाव्या हाताचा अंगठा. कागदात काय लिहिले ते तिला वाचून दाखविले होते का, असे विचारले की पंच एकमेकांच्या तोंडाकडे पाहतात. नोटरीचा शिक्का मारला म्हणजे तो न्यायालयाचा हुकूमनामा होतो, अशी समजूत आहे. ती साफ चुकीची आहे.

हे खरे की, हिंदू विवाह कायद्याच्या कलम २९ ने रूढीप्रमाणे मिळणाऱ्या घटस्फोटाला हात लावलेला नाही. हेही खरे की, बहुसंख्य शूद्र जातींत घटस्फोटाची रूढी होतीच, असे बाबासाहेबांनी हिंदू कोड बिलाच्या वेळी सांगितले होते. परंतु ते त्यांनी कोणाला सांगितले? घटस्फोट म्हणजे परदेशी पाप, असे म्हणणाऱ्या सनातन्यांना सांगितले. पंचांची बैठक न्यायालयाच्या वर आहे, असे त्यांनी कोणालाही सांगितले नाही. जी रूढी सांगावयाची ती पुरातन, अखंड, निश्चित आणि लोकहिताला बाधक नसलेली असावी लागते. आणि जो तिचा आधार घेतो त्याला ती न्यायालयात सिद्ध करावी लागते. नुसता फारकतीचा लेख पुरेसा नाही, त्यामागील रूढी स्वतंत्रपणे मांडून सिद्ध केली पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली सांगितले आहे.

म्हणजे हा बंधू साक्षीच्या पिंजऱ्यात उभा राहून शपथेवर काय सांगणार? “माझ्या जातीत अमुक चाल आहे, आणि मी त्या जातीच्या चालीने बांधलेला आहे!” जी जात दीक्षाभूमीवर टाकली, ती तो एका बायकोपासून सुटण्यासाठी पुन्हा उचलून गळ्यात घालणार! मेलेली जनावरे ओढणे सोडले, येसकरीची काठी सोडली, देव्हाऱ्यातले देव नदीत सोडले. मग पंचांची काडी तेवढी का जपून ठेवली? उत्तर उघड आहे. बाकीच्या रूढी आम्हांस जाचत होत्या. ही रूढी फक्त तिला जाचते.

हा प्रश्न दोनचार घरांचा आहे असे कोणी समजू नये. २०११ च्या जनगणनेत देशात घटस्फोटित म्हणून नोंदलेली माणसे सुमारे १४ लाख होती; आणि घटस्फोट न होता विभक्त राहणारी सुमारे ३५ लाख होती. म्हणजे संसार तुटलेल्या बहुसंख्य माणसांपर्यंत कायदा पोचलेलाच नाही. त्याच जनगणनेत आम्ही बौद्ध ८४ लाख होतो, त्यांपैकी ६५ लाख महाराष्ट्रात. तुमच्या वस्तीत अशा किती भगिनी आहेत, ते तुम्हीच मोजा. त्यासाठी सरकारी अहवाल नको.

भगिनींनो, आता दोन शब्द तुमच्यासाठी. तुम्हांला सांगितले जाते की, थांब, तो कधीतरी येईल. कोर्टात गेलीस तर समाजाची अब्रू जाईल, विरोधक हसतील. हा उपदेश मानू नका. ज्याने टाकले त्याने अब्रू घालविली. जी दाद मागते ती अब्रू राखते. आणि थांबण्यात तोटाच आहे. विनाकारण विलंब झाला, तर कलम २३ खाली तो तुमच्याविरुद्ध दाखविता येतो. साक्षीदार पांगतात, पत्रे हरवतात, भ्रमणध्वनीवरील निरोप पुसले जातात.

म्हणून कागद जपा. तुम्ही परत जाण्याचा प्रयत्न केला असेल तर केव्हा, कोणासमवेत आणि कोणी दार लावले, हे लिहून ठेवा. पतीकडून ‘नांदावयास ये’ अशी वकिलाची नोटीस आली, तर घाबरू नका आणि ती चुलीतही घालू नका. लेखी उत्तर द्या. नोटीस प्रामाणिक असेल आणि जावेसे वाटत असेल, तर अवश्य जा. कायद्याला संसार मोडण्याची हौस नाही. पण तेथे दुसरी बाई असेल किंवा जिवाला भय असेल, तर ते उत्तरात स्पष्ट लिहा. कोऱ्या कागदावर अंगठा देऊ नका, मग कागद पुढे करणारा सख्खा मामा का असेना.

घटस्फोट नको असेल तरी पोटगी मिळते. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ खाली अर्ज करा. जुन्या फौजदारी संहितेचे १२५ कलम ते हेच. पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यावी, आणि दोन्ही पक्षांनी आपली मिळकत शपथेवर जाहीर करावी, असे सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२० मध्ये ठरवून दिले आहे. तेव्हा ‘माझी कमाई नाही’ असे तोंडी सांगून आता सुटका नाही. पोटगीचा हुकूम झाल्यानंतर एक वर्षभर एकत्र नांदणे झाले नाही, तर पत्नीला तेवढ्याच कारणावरून घटस्फोट मागता येतो. हे कलम १३ चे पोटकलम २ होय, आणि हा हक्क फक्त पत्नीला आहे. घटस्फोट झाला म्हणून पोटगी बंद होते, ही भीतीही खोटी आहे. पुन्हा विवाह करीपर्यंत ती मागता येते. दावा नवऱ्याच्या गावी जाऊनच करावा लागतो असे नाही. २००३ च्या दुरुस्तीपासून पत्नी जेथे राहते तेथील न्यायालयातही तो करता येतो. पैसा नाही म्हणून अडू नका. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने प्रत्येक स्त्रीला, तिचे उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळण्याचा हक्क दिला आहे. तालुक्याच्या न्यायालयातच विधी सेवा समितीकडे अर्ज द्यावा.

दोघांचेही मन उठले असेल, तर परस्पर संमतीचा मार्ग कलम १३-ब मध्ये मोकळा आहे. एक वर्ष वेगळे राहिल्यावर दोघांनी मिळून अर्ज करावा आणि मुलांची, पोटगीची, भांड्याकुंड्यांची व्यवस्था न्यायालयापुढे लिहून घ्यावी. त्यात कोणाची मान खाली जात नाही. हुकूमनामा हाती आल्यावर अपिलाची मुदत संपू द्यावी आणि मगच दुसऱ्या संसाराचा विचार करावा.

आणि पंच म्हणवणाऱ्या वडीलधाऱ्यांना आमची विनंती नाही, मागणी आहे. फारकतीच्या कागदावर यापुढे एकही सही करू नका. समेट करावयाचा असेल तर अवश्य बसा. परंतु त्या बैठकीत स्त्रियाही बसल्या पाहिजेत, आणि समेट झाला नाही तर त्या भगिनीबरोबर न्यायालयापर्यंत चालत गेले पाहिजे. विहारात मंगल परिणय लावणाऱ्यांनी वधू-वरांचा पूर्वीचा विवाह झाला होता काय, झाला असल्यास न्यायालयाचा हुकूमनामा कोठे आहे, हे विचारल्यावाचून गाथा म्हणू नयेत. विवाह होताच त्याची नोंदणी करून घ्यावी. ज्याने पत्नीला टाकले आहे आणि पोटगीचा एक पैसाही देत नाही, त्याला जयंतीच्या मंडपात व्यासपीठावर बसवू नये. वर्गणीची पावती फाडली म्हणून पाप धुऊन जात असते, तर गंगेने काय वाईट केले होते?

गावकुसाबाहेर टाकलेले असणे म्हणजे काय, हे आमच्या बापजाद्यांनी भोगले आहे. ते दुःख ज्यांना ठाऊक आहे, त्यांच्याच घरातून एखादी स्त्री टाकली जात असेल, तर आम्ही गावकूस ओलांडले नाही. ते आपल्या उंबरठ्यापाशी आणून बांधले. ते आपल्या हातांनी पाडावयाचे आहे. कायदा हाताशी आहे, बाबासाहेबांनी तो मागितला होता. आता त्याचा वापर करण्याची हिंमत तेवढी आमच्यापाशी हवी.